आतड्यातली कालवं

(रत्नागिरीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, येताना भाट्याच्या पुलापाशी थांबलो होतो. सुकती लागली होती आणि दोघी-तिघी खडकावर कालवं काढत होत्या. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे: वरचं शिंपलं उडतं, गर हाती येतो, पण खालचं शिंपलं खडक सोडत नाही.

जुलाबाच्या जंतूला नेमकं हेच साधायचं असतं. आतड्यात सगळी ओढ एकाच दिशेने, त्यात भिंतीवर बुळबुळीत श्लेष्मा. धरलं नाही तर गेलाच. म्हणून कित्येक जंतूंच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. तंतूवरचं प्रथिन आपल्या पेशीवरच्या ठरावीक साखरेलाच चिकटतं, दुसरीला नाही. डुकराच्या पिल्लांना हगवण लावणारा, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा एक प्रकार आहे. काही पिल्लांच्या आतड्यात त्याला धरायला जागाच नसते, जन्मतःच. ती त्याच घाणीत लोळून ठणठणीत!

पण मला खरा चक्रावून टाकतो तो तान्ह्या मुलांना जुलाब लावणारा ई. कोलाय. तो पेशीवरच्या ज्या प्रथिनाला घट्ट बिलगतो, ते प्रथिन आपल्याच पेशीचं, असं संशोधकही धरून चालले होते. १९९७ साली कॅनडातल्या ब्रेट फिनले यांच्या गटाने दाखवलं की ते जंतूचंच आहे. त्याचं नाव टिर. जंतू सुईसारख्या नळीतून ते पेशीत सोडतो, ते पेशीच्या पापुद्र्यात रुतून बसतं, आणि मग जंतू आपल्या अंगावरच्या इंटिमिन नावाच्या प्रथिनाने त्याला धरतो. म्हणजे होडीवाल्याने खुंटाही घरूनच आणायचा, दुसऱ्याच्या धक्क्यात ठोकायचा आणि वर आपलाच दोर बांधायचा. एवढ्यावर भागत नाही. पेशी आपल्या आतले ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे गोळा करून त्याच्याखाली चक्क ओटा बांधते! शेजारची अन्नरस शोषणारी बारीक लव मात्र झडून जाते.

आता पटकी, म्हणजे कॉलरा. त्याचा जंतू मुळात खाडीतलाच, मचूळ पाण्यातला. तिथे तो कोळंबीच्या जातीच्या, जेमतेम दिसणाऱ्या जिवांच्या कवचाला चिकटून राहतो. गंमत बघा, कवच धरायला जे प्रथिन वापरतो, तेच आतड्यातला श्लेष्मा धरायलाही कामी येतं. कारण कवचातल्या साखरेचा घटक श्लेष्मातही असतो. चिकटण्याची तालीम त्याने आपल्याला भेटण्याआधीच केलेली असते.

अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांनी बांगलादेशात हीच सवय त्याच्यावर उलटवली. जुनी सुती साडी निदान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळायला बायकांना शिकवलं. तिथला कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. सुटा जंतू साडीतून आरामात निसटतो. अडकतो तो कवचाला धरून बसलेला.