रिकाम्या ओळी

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, जागा आहे. पत्रिकेत विषय छापलाय, ‘समुद्रपक्ष्यांच्या मोजणीतून महत्त्वाची सागरी क्षेत्रं कशी ठरवतात’. त्यावर येतोच. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, फार दिवस मनात सलतेय.

भिगवणला, कवडीपाटला पक्षी बघायला जाणारे किती? हात वर करा. जवळजवळ सगळेच! तिथे आपण दिसतील ते पक्षी लिहितो. चक्रवाक इतके, रोहित इतके. काठावर उभं राहिलं की बरंचसं पाणी नजरेत येतं, त्यामुळे तिथे ते चालून जातं. समुद्रात चालत नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या, आणि मालवणहून एका ट्रॉलरवर मला जागा मिळाली. मोजायची रीत ठरलेली आहे, 1984 पासून जगभर थोड्याफार फरकानं तीच. बोटीच्या एकाच बाजूला 300 मीटरचा पट्टा धरायचा आणि दर दहा मिनिटांची एक ओळ लिहायची. तासाला 18 किलोमीटर वेग धरला तर दहा मिनिटांत तीन किलोमीटर, म्हणजे एका ओळीत 0.9 चौरस किलोमीटर समुद्र मोजून होतो. उडते पक्षी मात्र सलग मोजायचे नाहीत. ते बोटीपेक्षा वेगानं पट्ट्यात येत-जात राहतात, आकडा उगाच फुगतो. म्हणून मिनिटाला एकदा, फोटो काढावा तसं, त्या क्षणी हवेत असतील तेवढेच धरायचे. बोटीमागे मासळीच्या आशेनं येणारे कुरव वेगळे लिहायचे. लिहायचं पेन्सिलनं, कारण शाई पाण्यात फुटते.

त्या दिवशी चार तास काहीही नाही. चोवीस ओळी, चोवीस शून्यं. एक पोरगेला खलाशी वाकून बघत होता. म्हणाला, “काय लिवतास ओ सर? काय एक दिसणा नाय.” मी उत्तर देणार तेवढ्यात सुकाणूवरून तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणाले, “पक्षी नाय म्हंजे खाली मासळी नाय. ह्या आमचा जुना गणित.” मला जे समजवायला अर्धा तास लागला असता, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

आणि पंचविसाव्या ओळीला विल्सनचे वादळी पेट्रेल आले. एकोणीस! हे पाखरू अंटार्क्टिकाच्या बाजूला घरटं करतं आणि आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात असतं. वजन अंगणातल्या बुलबुलाएवढं. पाय लोंबकळते ठेवून ते पाण्याच्या पृष्ठावर टपटप पावलं टाकत वरचं बारीकसारीक खाद्य टिपतं. एक इतकं जवळ आलं की काळ्या पायांच्या बोटांमधला पिवळा पडदा दुर्बिणीत स्पष्ट दिसला. तांडेलांनी काही न बोलता वेग कमी केला.

मी तो तक्ता एका कार्यालयात दिला. छापून आला तेव्हा शून्याच्या सगळ्या ओळी गायब! विचारलं तर उत्तर मिळालं, “रिकाम्या ओळींनी पान वाया जातं.” आता हिशोब बघा. पंचवीस ओळी म्हणजे साडेबावीस चौरस किलोमीटर, त्यात एकोणीस पक्षी, म्हणजे चौरस किलोमीटरला एकही पुरता येत नाही. छापील तक्त्यात एकच ओळ उरली, त्यानुसार तेच एकवीस! शिवाय ते एकोणीस जिथे होते ती जागा वेगळी का, हे आजूबाजूच्या रिकाम्या पाण्यावरूनच कळणार होतं. तो पुरावाच खोडला गेला. मला त्याचा आजही राग येतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत. मूळ विषय भरभर सांगतो. एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी साधारण एक टक्का पक्षी एखाद्या जागी नियमितपणे येत असतील, तर ती जागा महत्त्वाची ठरू शकते. बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षिसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या निकषांपैकी हा एक. सुरुवात घरट्यांपासून करायची. आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरचे खडक आहेत, तिथे सुरय घरटी करतात. 1875 मध्ये ह्यूम तिथे पक्षी बघायला गेले होते. हो, काँग्रेसवालेच ह्यूम. असो. घरट्यातून पक्षी खाद्यासाठी किती लांब जातो, तेवढं वर्तुळ नकाशावर काढायचं. त्या वर्तुळाचा कोणता भाग खरंच वापरात आहे ते पक्ष्यांना लावलेली माग काढणारी यंत्रं आणि बोटीवरची मोजणी सांगते. खोल समुद्रात घरटीच नसतात, तिथे मोजणीचं मोल आणखी वाढतं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळांचं पठार आहे. तिथे ऋतूमागून ऋतू अशा ओळी भरल्या गेल्या पाहिजेत.

आणि तांडेलांना आधी विचारा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, 29 चौरस किलोमीटरचं, आणि मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं टिकला. ज्यांना पाणी वाचता येतं, त्यांचा हात नकाशा काढताना पेन्सिलीवर हवा.

कोरे तक्ते दाराशी ठेवलेत. कोकणात जाणाऱ्यांनी घेऊन जा. भरून आणाल तेव्हा शून्याच्या ओळी मी आधी तपासणार आहे.