आधी शाळा, मग कुदळ

श्रोतेहो, नमस्कार.

पुरातत्त्व किंवा इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना सुट्टी जवळ आली की एकच घोर लागतो. प्रत्यक्ष उत्खननावर काम शिकायचंय, पण जायचं कुठे? फील्ड स्कूल, म्हणजे उत्खननाची प्रशिक्षण शाळा, शोधायची कशी? आणि जे प्राध्यापक अशी शाळा चालवतात त्यांचा घोर उलटा असतो. जागा आहेत, काम आहे, पण योग्य विद्यार्थ्यांच्या कानावर ही बातमी घालायची कशी? आज या दोन्ही गोष्टींबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी एका कपाटाची गोष्ट. ती ऐकलीत तर पुढचं अर्धं सांगायची गरज उरणार नाही.

हे कपाट मद्रासच्या सरकारी संग्रहालयातलं. साल १९४४. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर त्याच वर्षी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले होते आणि देशभर फिरून काय आहे, काय नाही ते पाहत होते. दक्षिणेत त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. महाश्मयुगीन, म्हणजे मोठमोठ्या शिळा रचून केलेली दफनं हजारोंनी, जुन्या वस्तीची टेकाडं जागोजाग, खापरांचे तर ढीग. पण या कशालाच तारीख नाही. रोमन नाणी सापडत होती, पण ती बहुतेक कुठेतरी पुरून ठेवलेल्या गाडग्यांत. वस्तीच्या थराशी त्यांचा संबंध लागत नव्हता.

संग्रहालयात फिरताना व्हीलरांनी एका कपाटात हात घातला. हाताला लागला मडक्याचा एक लांबट गळा, कानासकट. तो होता अँफोराचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठी दारू आणि तेल ज्यात भरून पाठवत त्या उंच, दोन कानांच्या रांजणाचा. हा आला कुठून? अरिकमेडूहून, पाँडिचेरीजवळून. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात. व्हीलर लगोलग तिकडे निघाले. तिथल्या ग्रंथालयात धुळीने माखलेली काचेची कपाटं होती. आत आणखी अँफोरांचे तुकडे, मणी, एक रोमन दिवा, आणि त्यांतच लाल, चकचकीत, पातळ अशी काही खापरं. इटलीतलं अरेत्सो हे गाव, प्राचीन नाव अरेतिउम. तिथल्या कुंभारांची ही भांडी. तळाशी कुंभाराच्या नावाचा शिक्का. ही भांडी थोडीच वर्षं घडवली गेली. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचा जमाना संपला. म्हणून ती जिथे सापडतात तिथे जणू कॅलेंडरच सापडतं.

आता इथे जरा थांबा. काचेमागच्या त्या खापरांनी नक्की काय सांगितलं? इतकंच की रोमन माल इथवर आला होता. बस्स. त्यांच्यासोबत स्थानिक भांडी कोणती होती? वर कोणत्या विटा होत्या, खाली काय होतं? काही कळायला मार्ग नाही. कारण वस्तू जमिनीतून वर आली होती, पण तिचा थर वर आला नव्हता. हे पुन्हा सांगावंसं वाटतं: वस्तू आली, थर आला नाही. खापर धुऊन, पुसून, जोडून पुन्हा उभं करता येतं. थर एकदाच वाचता येतो, कारण वाचण्यासाठी तो खणून संपवावाच लागतो.

मग व्हीलरांनी काय केलं? त्याच वर्षी उत्तरेला तक्षशिलेत उत्खननाची प्रशिक्षण शाळा भरवली. विद्यापीठांतून, संग्रहालयांतून, सर्वेक्षणाच्या खात्यातून तरुण गोळा केले. चौकोन आखायचा, खुंट्यांना क्रमांक द्यायचे, दोन चौकोनांमध्ये न खणलेली मातीची पट्टी राखायची. त्या पट्टीची उभी बाजू म्हणजे छेद. त्यात प्रत्येक थर ओळखायचा, चिठ्ठी लावायची, मोजून कागदावर उतरवायचा. त्या शाळेत शिकलेले बी. बी. लाल आणि बी. के. थापर पुढे स्वतः महासंचालक झाले. लालांनी हस्तिनापूर खणलं, थापरांनी सहकाऱ्यांबरोबर कालीबंगन.

आणि १९४५ मध्ये अरिकमेडू. आता तीच लाल खापरं थरातून निघाली. त्यांच्याबरोबर निघाली एक भारतीय घडणीची करडी थाळी, तळाला दातेरी चाकाने उठवलेली बारीक टिंबांची वर्तुळं असलेली, जिला अभ्यासक रूलेटेड भांडं म्हणतात. इटलीच्या खापराला तारीख होती. शेजारच्या थाळीला ती उसनी मिळाली. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, कर्नाटकात ब्रह्मगिरी आणि चंद्रवल्ली इथे उत्खनन झालं, आणि त्या थाळीच्या आधाराने तिथल्या थरांना काळ देता आला. म्हणजे ब्रह्मगिरीत वरच्या थरांचा काळ ठरला, की त्यांच्या खालची महाश्मयुगीन संस्कृती त्याआधीची, आणि तिच्याही खाली दगडी कुऱ्हाडी वापरणारे लोक. एका खापराने अख्ख्या दक्षिणेची शिडी उभी राहिली.

गोष्टीला आणखी एक शेपूट आहे, आणि तेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९८९ ते १९९२ या काळात पुरातत्त्वज्ञ विमला बेगली यांनी अरिकमेडू पुन्हा खणलं आणि दाखवून दिलं की वस्ती व्हीलर समजत होते त्याहून जुनी आहे, ती रूलेटेड थाळीही जुनी. व्हीलरांचा निष्कर्ष बदलला. पण तो बदलता आला, कारण त्यांचे छेद, थरांचे क्रमांक, खापरांची चित्रं १९४६ मध्येच छापून झाली होती. चूक दुरुस्त करायलासुद्धा नोंद लागते.

जाता जाता एक बोलतो. जगभरच्या संग्रहालयांच्या तळघरांत अशी किती कपाटं आज बंद आहेत! विद्यार्थ्यांना उत्खननाला पाठवण्याआधी आठवडाभर त्या कपाटांपुढे बसवावं, चिठ्ठ्या वाचायला लावाव्यात, असं माझं पक्कं मत आहे. चिठ्ठी नसलेलं खापर हातात धरलं की नोंद कशासाठी करायची हे आपोआप कळतं. असो.

तर फील्ड स्कूल कशी शोधायची? शोधण्यापेक्षा पारखणं महत्त्वाचं आहे. तीन गोष्टी विचारा. परवाना, गुरू, अहवाल. उत्खननाचा परवाना कोणाच्या नावावर आहे? बऱ्याच देशांत सरकारी परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. ‘काढतोय, येईलच’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. दुसरं, प्रत्यक्ष चरात माझ्या शेजारी कोण असेल? जाहिरातीत मोठ्या प्राध्यापकांचं नाव असतं आणि ते दोन दिवस येऊन जातात. एका अनुभवी पर्यवेक्षकामागे पाच-सहा विद्यार्थी असतील तर शिकणं होतं. पंधरा असतील तर माती वाहणं होतं. तिसरं, मागच्या हंगामाचा अहवाल कुठे आहे? चार-पाच हंगाम झाले आणि एक प्राथमिक अहवालसुद्धा नाही, तर तिथे शिकायला जाऊ नये. परवाना, गुरू, अहवाल.

यादी कुठे मिळते? आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका जगभरातल्या क्षेत्रकामाच्या संधींची यादी प्रसिद्ध करते. अमेरिकेतलंच रजिस्टर ऑफ प्रोफेशनल आर्किऑलॉजिस्ट्स फील्ड स्कूलना तपासून प्रमाणपत्र देतं. भारतात कोण कुठे खणतंय हे पाहायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ चाळा. ते उशिरा निघतं, पण कोणता विभाग सातत्याने काम करतो ते त्यातून कळतं. आणि एक युक्ती सांगतो, ती फार जण वापरत नाहीत. उत्खननाच्या अहवालात आभाराचं पान असतं. ते वाचा. त्यात विद्यार्थ्यांची नावं आहेत का, कोणत्या कॉलेजांतली आहेत? जिथे दर वर्षी विद्यार्थ्यांची नावं छापली जातात तिथे त्यांना कामात धरलं जातं.

पत्र लिहाल ते दहा ओळींचं लिहा. काय शिकता, कोणत्या तारखांना मोकळे आहात, चित्र काढता येतं का, मोजणीचं यंत्र हाताळलंय का, तब्येतीची काही अडचण आहे का. ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ हे वाक्य गाळा; ते प्रत्येक पत्रात असतं. हंगामाच्या चार ते सहा महिने आधी पाठवा. मुदत किती आठवड्यांची आहे ते पाहा. चार आठवड्यांपेक्षा कमी असेल तर खणणं पाहून होतं, पण छेद काढायला शिकण्याआधीच परतीची गाडी येते.

काय शिकवणार ते स्पष्ट विचारा. निदान एवढं तरी हवं: थापीने सपाटी करणं, थरांची नोंद, आराखडा एकास वीस प्रमाणात, छेद एकास दहा प्रमाणात, चाळणी, खापरं धुणं आणि लिहिणं. यातलं छेद तासणं जवळून पाहा. थापी मातीत खुपसायची नाही, धारेने आपल्याकडे ओढायची, वरून खाली, ओळंब्याला धरून. भिंत आत झुकली तर चौकोन तळाशी अरुंद होतो आणि मापं चुकतात. बाहेर पोखरली तर ढासळते. उन्हात अर्ध्या तासात माती वाळते आणि सगळे थर एकाच फिक्या रंगाचे दिसू लागतात. मग बारीक फवाऱ्याने पाणी मारायचं, की राखेची पट्टी काळी होते, चिकणमाती गडद होते, थर पुन्हा बोलू लागतात. भिंतीतून मण्याचं टोक डोकावत असेल तरी उपटायचं नाही. त्याच्या थराची पाळी येईल तेव्हाच तो निघेल.

आणि चिठ्ठी. स्थळ, वर्ष, चौकोन, थर, तारीख, आद्याक्षरं. एक पिशवीत, एक पिशवीवर. बॉलपेनची शाई ओलीत फुटते आणि उन्हात उडते, पेन्सिल टिकते. हल्ली नोंदी टॅबलेटवर होतात, चांगलंच आहे. पण हाताने रेखाटताना डोळा जिथे थांबतो तिथे फोटो काढताना थांबत नाही. शाळेतून चित्रकलेचे तास कमी होत चालले आहेत, त्याची झळ इथवर पोचते हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

सुरक्षेचंही विचारा, अजिबात संकोच न करता. चर छातीएवढा खोल गेला तर बाजूंना आधार किंवा पायऱ्या आहेत का? काढलेल्या मातीचा ढीग काठापासून निदान एक मीटर लांब टाकतात ना? काठाला लागून टाकला तर त्या वजनानेच भिंत खाली येते. धनुर्वाताची लस घेतली आहे का? आणि वागणुकीचे नियम लेखी आहेत का, तक्रार कोणाकडे करायची? २०१४ मध्ये क्षेत्रकाम करणाऱ्या ६६६ जणांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात ६४ टक्के लोकांनी लैंगिक छळाला तोंड द्यावं लागल्याचं सांगितलं. तक्रार ऐकणारी व्यक्ती आणि शाळेचा संचालक एकच असेल, तर ती व्यवस्थाच नव्हे.

आता शाळा चालवणाऱ्यांसाठी. तुमच्या सूचनेत तारखा, एकूण खर्च, त्यात काय येतं आणि काय येत नाही, जागा किती, राहण्याची आणि शौचालयाची सोय, परवान्याचा तपशील, श्रेयांक मिळणार की नाही, हे सगळं एका पानावर लिहा. शौचालयाबद्दल लिहिलेलं नसतं म्हणून कितीतरी मुली अर्जच करत नाहीत. गेल्या वर्षीची तारीख असलेली सूचना आधी उतरवा. ती पाहून विद्यार्थी गृहीत धरतात की काम बंद पडलं. पत्रक फक्त इतिहास विभागाला पाठवू नका. भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, वास्तुकला, रसायन, सगळीकडे पाठवा. जळके दाणे ओळखायला वनस्पतीचा विद्यार्थी लागतो, हाडं ओळखायला प्राणिशास्त्राचा. ज्यांना उन्हात खणता येणार नाही त्यांच्यासाठी खापरांचं काम, चित्रांचं काम, नोंदी संगणकावर भरण्याचं काम असतं. ते पत्रकात लिहा, म्हणजे ती मुलं स्वतःहून गळणार नाहीत.

आणि पत्रकावर सोन्याच्या दागिन्याचा फोटो छापू नका, ही हात जोडून विनंती. बातम्यांत प्रत्येक उत्खनन ‘खजिना’ होतं, आणि मग रात्री लोक टेकाडं उकरतात. एका रात्रीच्या खड्ड्यात दोन हजार वर्षांचे थर मिसळून जातात, आणि ते पुन्हा वेगळे करणं कोणालाही शक्य नसतं. छापायचाच तर छेदापुढे फळीवर कागद लावून बसलेल्या मुलीचा फोटो छापा.

शेवटी सामान. टोपी, पाण्याची बाटली, बंद बूट, स्टीलची टेप, एच-बी आणि दोन-एच पेन्सिली, खोडरबर, आणि थापी स्वतःची. चार ते पाच इंचांची, टोकदार. पातं आणि दांडीचं लोखंड एकाच तुकड्यातून घडवलेलं असावं. जोड दिलेली स्वस्तातली थापी कडक मातीत पहिल्याच आठवड्यात जोडापाशी मोडते, आणि मग उरलेला महिना दुसऱ्याची थापी मोकळी होण्याची वाट बघण्यात जातो.

नमस्कार.