दसऱ्यानंतरचे दगड

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणारा रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पठार फुलतं तेव्हा तिथे गाड्यांची रांग हटत नाही. हा रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. कासकडे तोंड केलं की उजव्या अंगाचं पाणी वेण्णेला जातं, डाव्या अंगाचं उरमोडीला, आणि पुढे दोन्ही कृष्णेच्या पदरात. बावीस वर्षं मी इथून जातेय. डावीकडे खाली उतरणारी एक पायवाट मात्र मला गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा दिसली.

ती दिसली ती थंडीमुळेच. पावसाळ्यात उतारावर कमरेइतकं गवत असतं. दिवाळीनंतर ते कापून गंजी लागल्या की डोंगराच्या अंगावरच्या जुन्या वाटा उघड्या पडतात. त्यातल्याच एकीने मी उतरले. अर्ध्या तासात पाण्याचा आवाज आला. मार्गशीर्षात, एवढ्या उंचीवर, वाहतं पाणी!

त्याचं कारण आपल्या डोंगरातच आहे. माथ्यावरचा जांभा सच्छिद्र असतो, तो पावसाळाभर पाणी पितो. त्याखालच्या काळ्या कातळातून ते सहजी झिरपत नाही, म्हणून थरांच्या सांध्यांतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. श्रावणात ज्या ओढ्याजवळ उभं राहायला भीती वाटेल, तोच हिवाळ्यात इतका निवळ होतो की तळातला खडा न खडा मोजावा. काठाला उंबर, जांभूळ, करंज. सकाळी आठपर्यंत तिथे ऊन पोचत नाही, बोटं बधिर होतात. मग पलीकडच्या कड्यावरून ऊन हळूहळू खाली सरकतं आणि ओल्या दगडांवरून वाफ निघू लागते. मी त्या वाफेकडे किती वेळ बघत बसले, सांगता येणार नाही.

तिथेच करडा धोबी भेटला. पोटाला पिवळा, शेपटी सारखी वरखाली. हा पक्षी हिमालयाकडून हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो आणि उन्हाळा लागता लागता परततो. इतक्या लांबून येणाऱ्या पाखराला हा ओढा माहीत, आणि साताऱ्यात राहणाऱ्या मला नाही, याचं मनापासून वाईट वाटलं.

वाट एका ठिकाणी ओढा ओलांडते. पाण्यात पावलापावलावर मोठे दगड मांडलेले, पण मधला एक जागेवरून सरकलेला. मी तिथे घुटमळत होते, तेवढ्यात पलीकडून डोक्यावर जळणाची मोळी घेतलेल्या एक आजी आल्या.

"जपून बाई, शेवाळ हाय," त्या म्हणाल्या. "रस्ता व्हायच्या आदी समदं गाव ह्याच वाटंनं साताऱ्याला जायचं. दूध, भाजी, बाळंतीनसुदिक. दसरा झाला की गडीमानसं यायची, पुरानं हललेलं दगड परत बसवायची. आता कोन येतंय हितं?"

आणि त्या सरळ पाण्यात उतरून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पलीकडे गेल्याही.

श्रोतेहो, तुमच्याही गावाजवळ अशी वाट असणार. ती शोधायची तर आत्ता, शिमग्याच्या आत. गावात आधी विचारा, एकटे जाऊ नका, आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: काडी पेटवू नका. या दिवसांत डोंगरावरचं उरलेलं गवत कोरडं ठाक असतं. एका विडीच्या थोटकातून लागलेला वणवा रात्रभर डोंगर जाळतो, आणि त्यात सरपटणारे जीव, जमिनीवरची घरटी, कोवळी रोपं, सगळंच जातं.

जानेवारीत मी पुन्हा गेले, शेजारची दोन कॉलेजची मुलं सोबत घेऊन. पहार नेली होती. तो दगड दिसतो त्यापेक्षा भारी निघाला, दोनदा घसरला, तिघंही कमरेपर्यंत भिजलो. दुपारी बाराच्या सुमाराला तो एकदाचा बसला. मुलांनी खाली चिपा ठोकल्या, मी वर उभं राहून पाहिलं. हलला नाही.

आजी त्या दिवशी भेटल्या नाहीत. येत्या रविवारी परत जाणार आहे.