बॅरलचा ताव

[जळगाव एमआयडीसी. हॉपरमध्ये दाणा ओतला जातोय.]

जळगावच्या प्लॅस्टिक चटईची सुरुवात ही अशी. फुटक्या बादल्या, डबे, खुर्च्या दळून, वितळवून केलेला मळकट दाणा. नावाला सगळा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. पण भंगार एकजात कुठून असणार? तेलाच्या कॅनचं, पिशव्यांचं पॉलिथिन त्यात घुसतंच.

[बॅरलवरचे हीटर. मीटरचे लाल आकडे.]

पॉलिथिन 110 ते 135 अंशांत वितळतं, पीपीला 160 च्या आसपास जावं लागतं. म्हणून बॅरलचा, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळकांड्याचा, ताव 200 च्या वर. दोन्ही वितळतात, पण एकजीव होत नाहीत. ताकातल्या लोण्यागत पॉलिथिनचे कण पीपीत विखुरतात. बॅरलमधला मळसूत्री दांडा, म्हणजे स्क्रू, फिरतोय तोवर ते फुटून बारीक होत राहतात. लाइट गेली, स्क्रू थांबला, की आतल्या गरम मालात तेच कण एकमेकांना मिळून मोठे होतात. या मालाची बारीक नळी ओढून तिचीच चटई विणतात. ती नळी तुटायला अशी जागा पुरते.

[जाळी बदलताना, अगदी जवळून.]

ताव आणखी चढला की गंमत बघा. पीपीच्या लांब साखळ्या तुटतात, माल पातळ सुटतो. पॉलिथिनच्या साखळ्या उलट एकमेकींत गुंततात. माल गाळणाऱ्या जाळीवरच्या या गाठींत त्या गुंत्याचाही वाटा असतो. पातळ झालेल्या पीपीला घट्ट पॉलिथिन फोडता येत नाही. कण मोठेच राहतात. मीटर 210 दाखवत असला, तरी स्क्रूच्या घर्षणाने माल त्याहून तापलेला असू शकतो. म्हणून ऑपरेटरची नजर मीटरपेक्षा डायमधून, म्हणजे साच्याच्या तोंडातून, सुटणाऱ्या नळीवर.

[पाण्याची टाकी.]

पाण्यात नळी झटकन थिजते. कण असतील तसे अडकतात. करपलेल्या मालाची चटई उन्हात लवकर कडकते, तुटते, गिऱ्हाईक परत आणतं.

[भंगाराच्या ढिगाशी बसलेल्या बायका.]

रिसायकल माल म्हणजे हलक्या प्रतीचा माल, असं सर्रास म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. सगळं निवडण्यावर आहे. धुण्याच्या टाकीत पीपी आणि पॉलिथिन दोन्ही तरंगतात, पाण्याने ते वेगळे होत नाहीत. इथे कामी येतं नख. पॉलिथिन मऊ, मेणचट. ओरखडा चटकन उठतो. या मावशी तुकडा वाकवतात, नख मारतात, बाजूला टाकतात. पीव्हीसीची टोपली वेगळी, कारण पीपीच्या तावात ते जळतं आणि आम्लाचा झोंबरा वायू सोडतं.