डबा कोणता धरायचा? मोटारीविना मुंबई

मंडळी, लोकल, मेट्रो, बेस्ट आणि रिक्षा या चौघांनाही न्याय देईन असं आयोजकांना कबूल केलंय. पण सुरुवात रेल्वेच्या पादचारी पुलापासून करतो. स्वतःची मोटार नसताना या शहरात किती वेळ लागणार, हे गाडी बदलताना ठरतं, आणि गाडी बदलायची म्हणजे बहुतेक वेळा पूल चढायचा.

बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. पंधरा डब्यांची आणखी साठेक मीटर. जिना एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाच्या डब्यात असलात, तर तुम्ही पोचेपर्यंत अख्खी गाडी त्या जिन्याच्या तोंडाशी जमलेली असते. म्हणून चढतानाच उतरण्याचा विचार करायचा. आज उतराल तेव्हा जिन्यासमोर कोणता डबा थांबलाय ते बघून ठेवा: फर्स्ट क्लासच्या मागचा, लेडीजच्या पुढचा, कल्याण एंडकडून, म्हणजे कल्याणच्या बाजूच्या टोकाकडून, तिसरा. उद्या त्याच डब्याच्या जागी उभे राहा. त्याआधी इंडिकेटरवर बारा की पंधरा ते बघायचं. पंधराच्या फलाटावर बारा डब्यांची गाडी पूर्ण लांबी व्यापत नाही. टोकाला उभा असलेला माणूस ऐन वेळी पळत सुटतो आणि मिळेल त्या दारात घुसतो.

फास्टचा मोहही तपासून घ्या. एक थांबा गाळला की साधारण मिनिट-सव्वा मिनिट वाचतं. दादरहून अंधेरीला जाताना फास्ट गाडी माटुंगा रोड, माहीम, खार, सांताक्रूझ, पार्ले असे पाच थांबे गाळते. वाचली पाच-सहा मिनिटं. तेवढ्यासाठी स्लोच्या फलाटावरून पूल चढून पलीकडे गेलात, तर ती जिन्यातच संपली. समोर स्लो उभी असेल तर बसा. विरारला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

डोंबिवलीहून सीप्झला, म्हणजे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, जाणारे कोण कोण आहेत? हात वर करा. बघा, उदाहरण बरोबर निवडलंय! पूर्वी दादरला उतरून वेस्टर्नने अंधेरी गाठायची, म्हणजे आधी दक्षिणेला आणि मग पुन्हा उत्तरेला. 2014 साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि हा वळसा सुटला. फास्टने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. मरोळ नाक्याला आता भुयारी मेट्रो 3 मिळते. पुढे एमआयडीसी आणि मग सीप्झ, दोनच स्टेशनं. पण पहिली मेट्रो खांबांवर आणि तिसरी जमिनीखाली. एवढे मजले उतरायचे, पिशवी पुन्हा तपासायला द्यायची, शिवाय गाडीची वाट बघायची. तुमची कंपनी मरोळच्या बाजूला असेल तर या दोन स्टेशनांसाठी खाली जाऊ नका, शेअर रिक्षा धरा. पाऊस असेल किंवा पुढे आरेपर्यंत जायचं असेल, तर मात्र भुयारी मेट्रोच.

पुलाबद्दल एवढं पोटतिडकीने का बोलतो, तर 29 सप्टेंबर 2017 मुळे. एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद जिन्यावर पावसामुळे माणसं थांबून राहिली, मागून येणाऱ्या गाड्या रिकाम्या होतच राहिल्या, आणि 23 जण चेंगरून गेले. त्यानंतर लष्कराने तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पूल उभे केले; 2018 च्या फेब्रुवारीत ते खुले झालेसुद्धा. म्हणजे ठरवलं तर पूल काही महिन्यांत होतो. मग माणसं जाईपर्यंत तो का होत नाही, हा माझा राग आहे आणि तो मी प्रत्येक व्यासपीठावरून मांडणार. साध्या गोष्टींनीही फरक पडतो. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे दोन वेगवेगळे ‘एक नंबर’ होते, नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर 2023 मध्ये मध्य रेल्वेचे फलाट 8 ते 14 झाले आणि तो घोळ मिटला.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. बाकीचं भरभर सांगतो.

बेस्टचं किमान भाडं मे 2025 पासून साध्या बसला 10 रुपये आणि एसीला 12, पाच किलोमीटरपर्यंत. रिक्षाचं मीटर फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, टॅक्सीचं 31. तिघे एकत्र असाल तर जवळच्या अंतराला रिक्षा बसपेक्षा स्वस्त पडू शकते. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही, तिथे बस किंवा टॅक्सी.

ठाण्याहून वाशीला जाताना पनवेलची गाडी धरू नका. ती तुर्भ्यानंतर सानपाडा-वाशीकडे न वळता जुईनगरला जाते.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कुठे बंद आहेत, ते बघा. हार्बर बंद असेल तेव्हा त्याच तिकिटावर ठाण्यामार्गे ट्रान्सहार्बरने (ठाणे-वाशी-पनवेलच्या गाड्यांनी) जायची मुभा बहुधा दिलेली असते. सूचनेची शेवटची ओळ वाचत जा.

आणि पावसाळा. भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच वेळी मुसळधार असेल, तर पाणी समुद्रात जात नाही आणि शीव-कुर्ला पट्ट्यात रूळ बुडतात. अशा दिवशी अंधेरीहून ठाण्याला जायचं तर दादरला जाऊच नका. मेट्रोने घाटकोपर गाठा आणि तिथून ठाण्याकडे काय सुटतंय ते बघा. चला, आता प्रश्न घेऊ या.