वॉचमनच डबा पोचवतोय

ही माझ्या ऑपरेशनची सीडी. डिस्चार्जच्या फाईलमध्ये खोचून दिली होती, दोन वर्षं तशीच पडून, कारण सीडी चालवायला घरात काही उरलंच नव्हतं, शेवटी मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर लावली. बघा, हे माझं ओटीपोट, आतून. गुलाबी, चकचकीत. आणि हे काळपट निळे ठिपके, फटाक्याची दारू उडून कातडी भाजावी तसे. आता नीट बघा हं... ही उजवी ओव्हरी, तिला चिमटा लावला, भोक पडलं आणि जे बाहेर आलं ते बघून आई म्हणाली, "ही तर काकवी गं!" डॉक्टर याला चॉकलेट सिस्ट म्हणतात, पण मला आईचंच पटतं. घट्ट, तपकिरी. महिनोन्महिने साचलेलं जुनं रक्त आहे ते.

एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला पाळीत गळून जातं ना, तसलंच अस्तर भलतीकडे उगवतं, ओव्हरीवर, आतड्यावर, मूत्राशयावर, कधी सिझरच्या टाक्यांच्या जागी. तेही हार्मोन्सचंच ऐकतं, म्हणजे पाळी आली की तिथेही सूज, तिथेही रक्त, फक्त बाहेर पडायला वाट नाही. डब्ल्यूएचओ सांगतं की पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना हा आजार असतो. मला मात्र पंधराव्या वर्षापासून एकच सांगितलं गेलं, लग्न झालं की थांबेल.

ते तिथे पोचतं कसं? अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीमध्ये जॉन सॅम्पसन नावाचे सर्जन होते. 1921 मध्ये त्यांनी या काकवीवर, सॉरी, चॉकलेट सिस्टवर लिहिलं आणि 1927 मध्ये मांडलं की पाळीचं थोडं रक्त उलटं जातं, ट्यूबमधून, म्हणजे गर्भनलिकेतून, मागे पोटाच्या पोकळीत, आणि त्यातले जिवंत तुकडे तिथे रुजतात. पटतं. ज्या मुलींची खालची वाट जन्मतःच बंद असते त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो, तेही याच्याशी जुळतं. (क्वचित पुरुषांमध्येही सापडलाय, तिथे सॅम्पसनसाहेबांकडे उत्तर नाही, पण ते राहू दे.)

खरी गोची पुढे आहे. 1984 मध्ये एका अभ्यासात, ज्यांच्या ट्यूब उघड्या होत्या अशा बायकांच्या पोटात पाळीच्या दिवसांत बघितलं, तर 90 टक्के जणींच्या पोटात रक्त! म्हणजे माझं जातं तसं माझ्या मैत्रिणीचंही जातं, शेजारच्या काकूंचंही जायचं, सगळ्यांचंच. मग रुजतं दहातल्या एकीच्याच पोटात, असं का?

कारण बाकीच्यांची घंटागाडी वेळेवर येते. पोटाच्या पोकळीत थोडंसं पाणी असतं आणि त्यात इम्यून सिस्टिमच्या पेशी फिरत असतात. नॅचरल किलर पेशी परक्या जागी सापडलेल्या पेशीला मारतात, मॅक्रोफेज उरलेलं खाऊन टाकतात. 1991 मध्ये बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या संशोधकांना दिसलं की या आजारात किलर पेशी अस्तराच्या पेशींना मारण्यात कमी पडतात. आणि मॅक्रोफेजची गंमत वेगळीच, या बायकांच्या पोटात त्या कमी नसतात, उलट जास्त असतात! पण खाण्याचं काम नीट करत नाहीत आणि अशी रसायनं सोडतात की त्या तुकड्याभोवती नव्या रक्तवाहिन्या येतात, नसासुद्धा वाढतात, म्हणून तर ते एवढं ठणकतं. चोर पकडायला ठेवलेला वॉचमनच चोराला डबा पोचवतोय.

मग चक्र सुरू होतं. सूज आली की प्रोस्टाग्लँडिन नावाचं सूज-वेदनेचं रसायन वाढतं, ते त्या तुकड्याला स्वतःचं इस्ट्रोजेन हार्मोन बनवायला लावतं, इस्ट्रोजेनमुळे तुकडा वाढतो, सूज वाढते, परत तेच. आवर घालणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, असतं, पण तिथे त्याला फारसं कुणी विचारत नाही.

म्हणजे हा ऑटोइम्यून आजार का? तसा नाही, इथे शरीर स्वतःवर चाल करून जात नाही, जे काढायला हवं ते काढत नाही. आता इम्यून सिस्टिम आधी बिघडली की आजारामुळे बिघडली, ही आधी कोंबडी की आधी अंडंवाली भानगड अजून चालूच आहे. बबून माकडांना पाळी येते आणि हा आजारही होतो, त्यांना इम्यून सिस्टिम दाबणारी औषधं दिली तर आधीच आजार असलेल्या माद्यांमध्ये तो वाढला. 2023 मध्ये जपानमधल्या नागोयाच्या टीमला 64 टक्के पेशंटच्या गर्भाशयात फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जंतू सापडला, आणि उंदरांमध्ये अँटिबायोटिकने गाठी कमी झाल्या. उंदरांमध्ये हं, लगेच मेडिकलमध्ये पळू नका.

मला ऑपरेशननंतर डायनोजेस्ट सुरू केलं, म्हणजे हार्मोनचीच गोळी. वॉचमनला सुधारणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही.

सीडी इथे संपते. पण फाईलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट आहे, तेव्हा मी फक्त "कॅन्सर नाही" एवढंच वाचून मिटून ठेवला होता. काल परत उघडला. तीन गोष्टी लिहिल्यात, अस्तराच्या ग्रंथी, त्यांच्याभोवतीचं स्ट्रोमा म्हणजे आधार देणारा पेशींचा थर, आणि हिमोसिडरिन-लेडन मॅक्रोफेजेस. म्हणजे जुन्या रक्तातलं लोह खाऊन तपकिरी झालेल्या मॅक्रोफेज. रक्त खाल्लं होतं त्यांनी. तुकडा तेवढा ठेवला.