नवीन पिल्लू घरी आलंय? रडणाऱ्या पिल्लापेक्षा गप्प पिल्लाकडे आधी बघा

नमस्कार मंडळी.

कुत्र्याचं पिल्लू नुकतंच घरी आणलेल्या लोकांचे प्रश्न माझ्याकडे येतात, ते बहुतेक एकाच चालीचे असतात. हाताला चावतं. रात्रभर रडतं. घरभर शू करतं. चप्पल कुरतडली, पडदा ओढला, आता काय करू? आणि मग सगळं सांगून झाल्यावर, जाता जाता एक वाक्य येतं: "बाकी गुणी आहे हो, दिवसभर पडून असतं, काल तर जेवलंसुद्धा नाही."

मला धास्ती वाटते ती त्या शेवटच्या वाक्याची.

मी डॉक्टर नाही. टाकून दिलेली पिल्लं काही दिवस सांभाळायची आणि मग चांगल्या घरी द्यायची, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. आणि आज ज्या चुकीबद्दल बोलणार आहे, ती मी स्वतः केलेली आहे. माझ्याकडे आलेलं पहिलं पिल्लू म्हणजे दोन महिन्यांची काळी मादी. आल्यापासून कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेली. येईल त्याला मी सांगत होते, किती शहाणी आहे बघा, जराही त्रास नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उलटी झाली, नुसता फेस. दुपारपर्यंत रक्ताचे जुलाब सुरू झाले. त्याचा वास मी अजून विसरलेले नाही. पार्वो निघाला, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा आजार. पाच दिवस सलाईन लावावं लागलं. ती वाचली. पण ज्याला मी शहाणपण म्हणत होते ते आजारपण होतं, आणि त्याचं कौतुक करण्यात माझे दोन दिवस गेले.

आता, पिल्लं झोपतात. खूप झोपतात, दिवसातले १८ ते २० तास. त्यामुळे नुसतं झोपलंय म्हणून घाबरायचं नाही. झोपेत पाय झाडणं, बारीक आवाज काढणं, उचक्या लागणं हेही ठीकच आहे. बघायचं काय, तर ते उठल्यावर काय करतं. निरोगी पिल्लू उठलं की आळस देतं, शू करतं आणि पुढच्या मिनिटाला तुमच्या पायात असतं. मलूल पिल्लू हाक मारली तर डोळे उघडतं, मान मात्र उचलत नाही. उभं केलं तर पुन्हा बसतं. खाण्याजवळ नेलं तर तोंड फिरवतं. नव्या घरात बुजलेलं पिल्लूही पहिला दिवस गप्प राहील, कमी खाईल. पण बुजलेलं पिल्लू तुमच्यावर नजर ठेवून असतं, आवाज झाला की कान हलवतं, आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात की हळूच येऊन वाटीत तोंड घालतं. आजारी पिल्लाला तुम्ही खोलीत आहात की नाही, याच्याशी काही देणंघेणं उरलेलं नसतं.

(इथे जवळून दाखवायचं: ओठ उचलून हिरडी)

हे बघा. वरचा ओठ असा हलकेच उचलायचा. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी होते, आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. पांढुरकी हिरडी असेल तर रक्त कमी झालंय किंवा रक्ताभिसरण नीट होत नाही. बोटाला चिकट, कोरडी लागली तर शरीरातलं पाणी कमी झालंय. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघा.

ताप नाकाला हात लावून कळत नाही. नाक कोरडं की ओलं, यावरून काहीही ठरत नाही. पिल्लाचं तापमान गुदद्वारातून मोजतात आणि ते साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. १०३ च्या वर गेलं किंवा १०० च्या खाली आलं तर डॉक्टरांना फोन. आणि घरातली पॅरासिटामॉलची किंवा आयबुप्रोफेनची गोळी तोडून द्यायची नाही. अगदी छोटा तुकडासुद्धा नाही. कुत्र्यांसाठी ती विषारी ठरू शकते.

मी स्वतःसाठी ठरवलेली मर्यादा सांगते. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल आणि त्याने सलग दोन जेवणं सोडली, किंवा उलटी आणि जुलाब दोन्ही एकदम सुरू झाले, तर मी सकाळची वाट बघत नाही. नुसती पातळ शी झालीय, पण पिल्लू खेळतंय, खातंय, तर बहुतेक वेळा अन्न अचानक बदलल्याने किंवा गाईचं दूध पाजल्याने झालेली असते. आधी ज्या घरी होतं तिथे ते काय खात होतं ते विचारून घ्या, सुरुवातीला तेच द्या, आणि नवीन अन्न आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या.

आता पार्वोबद्दल, कारण पहिल्या आठवड्यात खरा घात तोच करतो. हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि त्यानंतर फार थोड्या काळात जगभर पसरला. जिथे पेशी भराभर तयार होत असतात तिथे तो घुसतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत. आतडं सोलवटून निघतं, आणि त्याच वेळी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. दोन्हीकडून मार. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी थोडे जास्त. म्हणून असं होतं की धडधाकट पिल्लू घरी येतं आणि चौथ्या दिवशी आडवं पडतं. मग घरातले एकमेकांना दोष देतात, तू काय खायला घातलंस? बऱ्याचदा ते येतानाच संसर्ग घेऊन आलेलं असतं. उपचार म्हणजे मुख्यतः सलाईन, उलट्या थांबवणं, दुसरा जंतुसंसर्ग होऊ न देणं, आणि पिल्लाचं शरीर स्वतः उभं राहीपर्यंत त्याला धरून ठेवणं. यात एक रात्रसुद्धा फार मोठी असते. आणि ज्या घरात आधी पार्वोचं पिल्लू होतं, तिथे हा विषाणू फरशीच्या फटीत, मातीत महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनाइलवर भरवसा ठेवू नका. आधी साबणाने धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. तरीही नवीन पिल्लू आणण्याआधी डॉक्टरांना ही गोष्ट सांगाच.

"पण लस दिली होती ना!" हे मी फार वेळा ऐकलंय. एक डोस दिलेला असतो. पिल्लाला जन्मल्यावर आईच्या पहिल्या चिकातून तयार संरक्षण मिळतं. ते आठवड्यागणिक उतरत जातं, पण जोवर आहे तोवर लसही निकामी करतं. कुठल्या पिल्लात ते कधी संपेल, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत किमान सोळा आठवड्यांपर्यंत जायचं. सोळा आठवड्यांचा तो डोस चुकवू नका, कारण तोवर आईकडून आलेलं संरक्षण बहुतेक पिल्लांत ओसरलेलं असतं.

जंतांचंही तसंच. फुगलेलं पोट बघून लोक म्हणतात, छान बाळसं धरलंय. हातपाय काटकुळे आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर ते बहुतेक वेळा जंत असतात. गोल जंतांच्या अळ्या आईच्या शरीरात दडून असतात आणि गरोदरपणात जाग्या होऊन पोटातल्या पिल्लात शिरतात. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध, दोन महिने झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. डोस वजनावर ठरतो, अंदाजाने नाही. हे जंत माणसाच्या मुलांनाही होतात, तेव्हा शी लगेच उचलायची आणि मुलांना हात धुवायला लावायचं.

अगदी चिमुकल्या जातीचं पिल्लू असेल तर आणखी एक गोष्ट. काही तास पोट रिकामं राहिलं तर त्याची साखर उतरते. ते लटपटतं, थरथरतं, झिंगल्यासारखं चालतं. अशा वेळी बोटाने थोडा मध हिरडीवर चोळायचा आणि दवाखान्याकडे निघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल.

आता तुमचे मूळ प्रश्न. मी ते टाळलेले नाहीत, फक्त त्यांची जागा दुसरी आहे.

चावणं. पिल्लं जग तोंडानेच ओळखतात. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ती भावंडांबरोबर खेळताना शिकतात. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू जास्त जोरात चावतं. त्याला शिकवायला कुणी नव्हतं, आता तुम्हाला शिकवायचंय. दात लागला की हात तिथेच स्थिर ठेवा, खेळ थांबवा, हळूच उठून जा, थोड्या वेळाने खेळणं घेऊन परत या. थोबाडीत मारू नका, तोंड दाबून धरू नका. त्यातून ते एवढंच शिकेल की हात आला की भ्यायचं. चौथ्या महिन्याच्या आसपास २८ दुधाचे दात पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के येतात. तेवढे दिवस कुरतडणं वाढणारच, खेळण्यावर रक्ताचा ठिपकाही दिसेल. आणि एक निरीक्षण: संध्याकाळी वेड्यासारखं धावत, चावत सुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं असतं. त्याला ओरडण्यापेक्षा झोपवा.

मात्र दात लागून कातडी फाटली, तर "लहान पिल्लू आहे" म्हणून सोडू नका. कुठून आलं हे माहीत नसलेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा.

रात्रीचं रडणं. "रडू दे, आपोआप सवय होईल" हा सल्ला मला पटत नाही. परवापर्यंत ते भावंडांच्या ढिगात झोपत होतं. त्याची पेटी तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा, हात खाली सोडून झोपा. काही दिवसांनी पेटी थोडी थोडी लांब सरकवा. याने पिल्लू लाडावत नाही.

शू. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जास्तीत जास्त तीनेक तास दम धरतं, खेळताना तेवढंही नाही. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं आणि काम झाल्या क्षणी तिथेच कौतुक करायचं. घरात केलेल्या शूमध्ये नाक घासणं हा निव्वळ अत्याचार आहे. तुम्ही वाकून हात पुढे केला की जागीच शू होते, असं असेल तर तो भिडस्तपणा आहे. बाजूला तोंड करून खाली बसा, त्याला येऊ द्या. पण दर थोड्या वेळाने थेंब थेंब होत असेल, कुंथत असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न नाही, लघवी तपासून घ्या.

जेवताना गुरगुरतं? वाटीत हात घालून "मालक कोण" ते दाखवू नका. येता-जाता वाटीत आणखी चांगला घास टाका. माणूस जवळ आला की वाढतं, कमी होत नाही, हे त्याला कळू द्या.

आणि लस पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवायचं का? तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन सर्वांत मोकळं असतं. या काळात जे दिसलं नाही, त्याला ते पुढे घाबरण्याची शक्यता वाढते. म्हणून उचलून न्या. कडेवर बसून गाड्या, छत्र्या, मुलं, म्हातारी माणसं बघू द्या. जिथे अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर मात्र ठेवू नका.

एक काम हा व्हिडिओ थांबवून आत्ताच करा. रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फोनमध्ये टाका. मग पिल्लू ठणठणीत आहे तोवर त्याचा ओठ उचलून हिरडीचा एक फोटो काढून ठेवा. उद्या कधी रात्री शंका आली, तर ताडून बघायला तुमच्याकडे त्याचा स्वतःचा रंग असेल.